वेगवेगळ्या ब्रँडचं जेल आणि ॲक्रिलिक एकत्र वापरताना: काय चालतं, काय नाही, आणि चाचणी कशी घ्यायची

लग्नाच्या आदल्या दिवशी रात्री साडेआठला एका नवरीचा फोन आला. हळदीनंतर हात धुतले आणि उजव्या हाताच्या तीन नखांवरचा रंग पापुद्र्यासारखा अख्खाच्या अख्खा निघून आला. टवका उडाला नव्हता, तडा गेला नव्हता. बेस, म्हणजे सगळ्यात खालचा थर, नखावर जसाच्या तसा होता, आणि त्यावरचा रंग टॉप कोटसकट सुटून हातात आला होता. मी तिला तसंच बोलावून घेतलं. दहाही नखं परत करून ती गेली तेव्हा साडेअकरा वाजले होते.

टेबल आवरताना कारण सापडलं. माझा नेहमीचा बेस संपत आला होता म्हणून त्या दिवशी दुसऱ्या कंपनीचा उघडला होता. क्युअर झाल्यावर, म्हणजे लॅम्पच्या प्रकाशात पक्का झाल्यावर, त्या बेसवर चिकट थर अगदी नावाला राहायचा. तोही मी जुन्या सवयीने वाइपने पुसून काढला आणि वर तिसऱ्याच कंपनीचा रंग लावला. रंगाला धरायला खाली काही उरलंच नव्हतं. दोन्ही प्रॉडक्ट उत्तम होती. चुकली होती त्यांची जोडी, आणि ती मी एका नवरीच्या हातावर पहिल्यांदा वापरून पाहिली होती.

‘ब्रँड मिसळू नका’ हे आपण सगळ्या जणी क्लासमध्ये ऐकतो. मग दुकान मांडलं की लक्षात येतं की एका कंपनीचा बेस छान असतो, रंग दुसरीचे, आणि टॉप तिसरीचा हळदीला टिकतो. त्यात हवी ती बाटली हव्या त्या आठवड्यात बाजारात मिळेल याची खात्री नाही. मीही एकाच ब्रँडवर काम करत नाही. पण काही जोड्या मी कधीच तोडत नाही, आणि बाकीच्या जोड्या टिपवर, म्हणजे प्लास्टिकच्या खोट्या नखावर, तपासल्याशिवाय कुणाच्या नखावर जात नाहीत. ही तपासणी कशी करायची ते इथे सविस्तर लिहिते आहे.

कडक झालं म्हणजे क्युअर झालं असं नाही

सगळा घोळ इथे होतो, म्हणून आधी हे नीट समजून घ्या. भाकरी तव्यावर वरून छान फुटलेली दिसते, पण मोडली की आतून कच्ची निघते. जेलचं तसंच आहे. बोटाला कडक लागलं, चमक आली, म्हणून ते आतपर्यंत क्युअर झालं असं होत नाही.

जेलमध्ये लहान-मोठ्या रेणूंचं मिश्रण असतं, आणि प्रकाश पडल्यावर त्यांची साखळी सुरू करून देणारा एक घटक असतो. त्याला फोटोइनिशिएटर म्हणतात. वेगवेगळे फोटोइनिशिएटर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश पकडतात. आपल्याकडच्या बहुतेक एलईडी लॅम्पमध्ये ३६५ आणि ४०५ नॅनोमीटर असे दोन प्रकारचे दिवे असतात, काहींमध्ये ४०५चेच. कंपनी जेल बनवते तेव्हा अमुक लॅम्प, अमुक सेकंद, अमुक जाडीचा थर हे धरूनच त्याचा हिशेब बसवते. लॅम्प बदलला की तो हिशेब बदलतो.

लॅम्पवर ‘४८ वॅट’ किंवा ‘१२० वॅट’ लिहिलेलं असतं, त्याच्यावर जाऊ नका. वॅट म्हणजे लॅम्प वीज किती खातो. नखापर्यंत किती प्रकाश पोहोचतो, हे दिव्यांचा दर्जा, त्यांची मांडणी आणि हाताचं अंतर यांवर ठरतं. सारख्याच वॅटच्या दोन लॅम्पमध्ये एकच जेल वेगळं क्युअर होताना मी पाहिलं आहे. ‘वेळ दुप्पट करू, होईल’ हेही नेहमी खरं ठरत नाही. प्रकाशच कमी ताकदीचा असेल किंवा त्या जेलला लागणारी तरंगलांबीच लॅम्पमध्ये नसेल, तर मिनिटं वाढवून ती भर निघत नाही.

उलटही होतं. सौम्य लॅम्पसाठी बनवलेलं बिल्डर जेल जोरकस लॅम्पमध्ये घातलं, तर साखळी फार झपाट्याने जुळते, उष्णता एकदम वाढते आणि क्लायंट हात मागे खेचते. शिवाय असं घाईने आकसलेलं जेल ठिसूळ होतं आणि कडेने उचलायला लागतं.

अर्धवट क्युअर झालेल्या जेलमध्ये साखळीत न जुळलेले लहान रेणू, म्हणजे मोकळे मोनोमर, उरतात. ते कातडीला लागत राहिले, की काही जणींना ॲलर्जी होते, आणि एकदा झालेली ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. सगळ्यात जास्त नाव येतं हेमा (HEMA) या मोनोमरचं. युरोपीय संघात २०२१ पासून हेमा असलेलं नखांचं प्रॉडक्ट फक्त व्यावसायिक वापरासाठीच विकता येतं, आणि ॲलर्जीचा इशारा लेबलवर छापावाच लागतो.

माझ्याकडे तीन वर्षं काम केलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. आधी तिच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांना खाज यायला लागली. मग तिथली कातडी सुकून चिरायला लागली, आणि एका सकाळी पापण्या सुजल्या. आम्हाला वाटलं भांड्यांचा साबण, नवीन क्रीम, काहीतरी असेल. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली तेव्हा ॲक्रिलेटची, म्हणजे जेल-ॲक्रिलिकमधल्या मोनोमरच्या कुटुंबाची, ॲलर्जी निघाली. फाइल करताना उडणारी धूळ आणि वाइप पुसताना बोटांना लागणारा चिकट थर रोज थोडा थोडा तिच्या अंगावर जात होता. हात फार चांगला होता तिचा. हे काम तिला कायमचं सोडावं लागलं. दातांचं फिलिंग करायला गेली तरी ही ॲलर्जी सांगावी लागते, कारण त्या साहित्यातही याच कुटुंबातले घटक असतात. म्हणून जोडी तपासण्याचा मला जेव्हा कंटाळा येतो, तेव्हा मला तिची बोटं आठवतात.

पायरी १: कुठल्या जोड्या कधीच तोडायच्या नाहीत

पहिली जोडी लिक्विड आणि पावडरची. ॲक्रिलिकच्या पावडरमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, आणि लिक्विडमध्ये त्याला जागं करणारा घटक. दोघांचं प्रमाण कंपनीने एकमेकांशी जुळवलेलं असतं. पावडर एकीकडची आणि लिक्विड दुसरीकडचं घेतलं, तरी बीड, म्हणजे ब्रशवरचा ओला गोळा, बनतो, पसरतो, कडकही होतो, त्यामुळे आपण फसतो. पेरॉक्साइड कमी पडलं तर नख आतून मऊ राहतं आणि आठवड्याभरात वाकायला लागतं. जास्त झालं तर ब्रश फिरवेपर्यंत ते आवळतं, आणि नंतर काचेसारखं तडकतं. रंगीत पावडरसुद्धा त्याच कंपनीची घ्या, आणि त्यांनी त्याच लिक्विडसोबत वापरा असं म्हटलेलं असेल तरच घ्या. डिप पावडर लिक्विडमध्ये बुडवून वापरणाऱ्या आहेत. डब्यावर कंपनीने दोन्हीसाठी चालते असं लिहिलेलं नसेल, तर तो मोह टाळा.

लिक्विडबद्दल आणखी एक. मोठ्या डब्यातून सुटं भरून मिळणारं, लेबल नसलेलं, नाकात झोंबणाऱ्या वासाचं स्वस्त लिक्विड घेऊ नका. त्यात एमएमए (मिथाइल मेथॅक्रिलेट) असण्याची शक्यता असते. चांगल्या लिक्विडमध्ये ईएमए (इथाइल मेथॅक्रिलेट) असतं. एमएमएचं नख इतकं कडक होतं, की हात कुठे आपटला तर वरचं ॲक्रिलिक तुटत नाही, खालचं स्वतःचं नख उपटून निघतं. ते फाइलला दाद देत नाही आणि ॲसिटोनमध्येही सहज विरघळत नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९७०च्या दशकातच शंभर टक्के एमएमए असलेल्या नेल प्रॉडक्टवर कारवाई केली होती. सुरक्षितता पत्रकात, म्हणजे एसडीएसमध्ये, कॅस नंबर बघा: ईएमएचा ९७-६३-२ आणि एमएमएचा ८०-६२-६. ही दोन नावं दिसायला इतकी सारखी आहेत, की मी नावापेक्षा आकड्यावर भरवसा ठेवते.

दुसरी जोडी जेल आणि लॅम्पची. बिल्डर जेल, हार्ड जेल, पॉलीजेल आणि सॉफ्ट जेल टिप चिकटवायचं जेल यांचे थर जाड असतात. त्यामुळे यांच्यासाठी कंपनीचाच लॅम्प घ्या. तो परवडत नसेल, तर कंपनीकडे लेखी विचारा की हे जेल कुठल्या लॅम्पवर तपासलं आहे, आणि त्याच्या जवळचा घ्या. जेल पॉलिशचे थर पातळ असतात, तिथे थोडी मोकळीक मिळते, पण चाचणी घेतल्यावरच.

तिसरी गोष्ट बाटलीच्या आतली. एका कंपनीचं उरलेलं जेल दुसरीच्या बाटलीत ओतायचं नाही. घट्ट झालेलं जेल ॲसिटोनने किंवा ॲक्रिलिकच्या लिक्विडने पातळ करायचं नाही. क्लिअर जेलमध्ये बाजारात मिळणारी पिगमेंट पावडर मुठीने ढकलून घरचा शेड करायचा नाही. रंगाचे कण प्रकाश अडवतात, आणि तळ कच्चा राहतो. एका नखावर थरावर थर चढवताना ब्रँड बदलणं वेगळं, आणि एका डबीत दोन ब्रँड कालवणं वेगळं. दुसऱ्याचं समर्थन मला कुठूनही करता येत नाही.

आता जिथे मोकळीक आहे ते. फाइल, बफर, टिप, फॉर्म, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, डिहायड्रेटर, क्युटिकल ऑइल कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालतं. प्राइमर मात्र विचार करून घ्या. ॲसिड प्राइमर ॲक्रिलिकसाठी असतो, कातडीला भाजतो, आणि जेलच्या बेसखाली बहुतेक कंपन्यांना नको असतो. ॲसिड-फ्री प्राइमर जास्त जुळवून घेतो. ॲक्रिलिकवर दुसऱ्या ब्रँडची जेल पॉलिश चालते, फक्त धूळ पूर्ण पुसलेली हवी आणि तेलाचा थेंबही नको. जेलवर ॲक्रिलिक मात्र मी करत नाही, ते धरत नाही.

पायरी २: लेबल वाचा, आणि बॅच नंबरही वाचा

आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० लागू आहेत. बाटलीवर किंवा खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि वापराची मुदत असायला हवी. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा. क्रॉफर्ड मार्केटात किंवा तुळशीबागेत खरेदी करताना मी दुकानातच खोकं उलटंपालटं करून बघते. नुसतं चिनी लेबल किंवा वरून चिकटवलेली किंमत असेल, तर तो माल क्लायंटवर वापरण्याजोगा नाही, मग रंग कितीही गोड असो.

घटकांच्या यादीत मी चार गोष्टी शोधते: हेमा, डाय-हेमा, हायड्रॉक्सीप्रोपिल मेथॅक्रिलेट आणि टीपीओ. एखादी क्लायंट ‘मला हेमा चालत नाही’ म्हणाली आणि तुम्ही हेमा-फ्री बेसवर हेमा असलेला रंग आणि टॉप चढवलात, तर त्या बेसचा उपयोग राहिला नाही. मिसळताना हे सगळ्यात आधी विसरलं जातं.

टीपीओ हा एक फोटोइनिशिएटर. युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२५ पासून नखांच्या प्रॉडक्टमध्ये तो विकायला आणि पार्लरमध्ये वापरायलाही बंदी आली. ॲक्रिलिक लिक्विडमधल्या डायमिथाइल-पी-टोल्युइडीनवरही त्याच दिवसापासून आली. तो कायदा तिकडचा असला तरी परिणाम आपल्या टेबलावर दिसतो, कारण तिथे विकणाऱ्या कंपन्यांना फॉर्म्युले बदलावे लागले. म्हणजे त्याच ब्रँडची, त्याच नंबरच्या शेडची नवी बाटली आत वेगळी असू शकते, आणि क्युअर व्हायला जास्त वेळ घेऊ शकते. ब्रँड तोच असला तरी जुना बेस आणि नवा रंग हीसुद्धा एक नवी जोडीच आहे. बॅच नंबर लिहून ठेवायचा तो यासाठी.

पायरी ३: टिपवरची चाचणी

यासाठी क्लिअर टिप, सिलिकॉन मॅट, चिमटा, वाइप, ब्लेड, पारदर्शक चिकटपट्टी आणि एक रिकामी दुपार लागते. नायट्राइल ग्लोव्हज घाला, आणि जेल लागलं की लगेच बदला. पातळ ग्लोव्हमधून मोनोमर काही मिनिटांतच आत जातो.

*तळाची चाचणी.* सर्वांत महत्त्वाची हीच, आणि सर्वांत कमी जणी करतात. सिलिकॉन मॅटवर नखाएवढ्या जागेत जेल लावा, नखावर जेवढं जाड लावता तेवढंच. ठरलेले सेकंद क्युअर करा. वरचा चिकट थर पुसा. आता चिमट्याने तो चकता उचलून उलटा करा आणि तळावर स्वच्छ वाइप फिरवा. जेलच्या वरच्या बाजूला चिकट थर राहतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. तळाला हवा लागलेलीच नसते, तेव्हा तिथे चिकटपणा राहण्याचं काही कारणच नाही. वाइपवर रंग आला, तळ बुळबुळीत लागला किंवा चकता चामड्यासारखा दुमडला, तर प्रकाश खालपर्यंत पोहोचलेला नाही. नखावर तो कच्चा तळ नेमका नखाला चिकटून बसतो, आणि तुम्हाला वरून काहीच दिसत नाही.

पहिल्यांदा केली तेव्हा मी माझ्या सगळ्या काळ्या आणि गडद निळ्या शेड काढून बसले. वरून आरशासारख्या चमकत होत्या. उलट्या केल्या तर सहापैकी चार तळाला ओल्या. थर अर्धे पातळ केले आणि प्रत्येक थर वेगळा क्युअर केला, तेव्हा सगळ्या पास झाल्या. पांढराही तितकाच फसवा असतो, त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश परत फेकतं. एक लक्षात ठेवा, तळ कोरडा निघाला म्हणजे जेल पूर्ण क्युअर झालं याचा तो पुरावा नाही. ही चाचणी फक्त नापास जोड्या पकडते.

*भुशाची चाचणी.* त्याच चकत्याला १८० ग्रिटची फाइल मारा. कोरडी, पिठासारखी धूळ पडली तर ठीक. खोडरबर घासल्यासारख्या वळ्या झाल्या, फाइल भरली, वास सुटला, तर आत कच्चं आहे.

*टेपची चाचणी.* क्लिअर टिप हलकी बफ करून त्यावर बेस, रंग, टॉप चढवा, ज्या जोडीत वापरायचं आहे त्याच जोडीत. दुसऱ्या दिवशी ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक चौकटी पाडा. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून एका झटक्यात ओढा. आता कुठला थर कुठून सुटला ते बघायचं. रंग बेसवरून सुटला तर ती जोडी बाद. टॉप रंगावरून सुटला तर टॉप बदला. सगळंच टिपवरून उचकटलं, तर दोष टिपच्या बफिंगचा आहे, आणि जोडीबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नाही, परत करा. ही चाचणी त्या नवरीच्या आधी केली असती, तर मला त्या रात्री बसावं लागलं नसतं.

*वाकवून बघणं.* तीच टिप दोन्ही टोकांना धरून हलकी वाकवा. पांढरी रेघ उमटली किंवा टॉप कोट तडकला, तर वरचा थर खालच्यापेक्षा फार ताठ आहे. मऊ बेसवर कडक टॉप म्हणजे गादीवर काच ठेवल्यासारखं. आपल्या क्लायंट कणीक मळतात, भांडी घासतात, त्यांचं नख दिवसभर वाकत असतं. बेसपासून टॉपपर्यंत लवचिकता जवळजवळ सारखी हवी.

*हळदीची चाचणी.* हळदीत तेल कालवून टिपच्या अर्ध्या भागावर अर्धा तास ठेवा, साबणाने धुवा, उरलेल्या अर्ध्या भागाशी ताडून बघा. फिकट गुलाबी आणि दुधी शेडवर हे आवर्जून करा. थोडी पिवळी झाक बहुतेक टॉप कोटवर येते आणि वाइपने बरीचशी जाते. जी जात नाही, ती जोडी लग्नाच्या क्लायंटला नको.

*काढण्याची चाचणी.* ॲसिटोनचा बोळा ठेवून फॉइल गुंडाळा, आणि किती मिनिटांत सुटतं ते बघा. टिप ॲसिटोनमध्ये विरघळते म्हणून यासाठी सिलिकॉन मॅटवरचा चकताच घ्या. सॉफ्ट बेसवर न विरघळणारा टॉप बसला असेल, तर तो आधी फाइलने काढावा लागेल हे तुम्हाला क्लायंट बसायच्या आधी माहीत हवं. हार्ड जेल विरघळतच नाही, ते फाइलनेच काढायचं.

ॲक्रिलिकमध्ये लिक्विड-पावडरची जोडी बदलायचीच नाही, त्यामुळे तिथे चाचणी नव्या बॅचची. साधारण दीड भाग लिक्विडला एक भाग पावडर, असा मध्यम बीड टिपवर ठेवा आणि घड्याळ लावा. काही मिनिटांनी ब्रशच्या दांड्याने टिचकी मारा. ‘टक’ असा काचेसारखा आवाज आला की फाइल करायला तयार. आवाज बद्द येत असेल, तर थांबा. पूर्ण पक्कं व्हायला पुढे एक-दोन दिवस लागतातच. आमच्याकडे जानेवारीत लागणारा वेळ आणि नागपूरच्या मे महिन्यातला वेळ एक नसतो, म्हणून खोलीचं तापमान शेजारी लिहा.

पायरी ४: तीन आठवडे, आपल्याच हातावर

टिपवर पास झालेली जोडी मी आधी स्वतःच्या डाव्या हातावर लावते. दोन नखांना नवी जोडी आणि तीन नखांना जुनी, विश्वासातली. हात तोच आणि पाणीही तेच, त्यामुळे फरक दिसतो तो प्रॉडक्टचा. बोटांना आधीच खाज किंवा चिरा असतील, तर ही पायरी करू नका, डॉक्टरांकडे जा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बेस आणि टॉप दोन्ही नवे घेतले आणि नवव्या दिवशी कड उचलली, तर दोष कुणाला देणार? क्युटिकलपाशी उचललं तर बहुतेक वेळा आपली तयारी कमी पडलेली असते. टोकापाशी उचललं तर कड बंद केलेली नसते. मधूनच पापुद्रा सुटला तर जोडी चुकली. अंगठेच खराब होत असतील तर लॅम्पमध्ये ते आडवे राहतात, त्यांना वेगळं क्युअर करा. आणि नख दुखायला लागलं, कड लाल झाली, तर एकविसाव्या दिवसाची वाट न बघता सगळं काढून टाका.

पायरी ५: वही

माझी वही साधी दोनशे पानी आहे. एका ओळीत असं लिहिलेलं असतं: ‘१४ जून, पाऊस, एसी २५. बेस क बॅच अमुक, रंग ख १२ दोन पातळ थर, टॉप क. लॅम्प दोन नंबर, ६०-६०-६० सेकंद. तळ कोरडा, टेप पास, हळद किंचित, ॲसिटोन १२ मिनिटं. वाइप फक्त शेवटी.’ ही शेवटची तीन शब्दांची नोंद मी प्रत्येक जोडीला करते, कारण कुठला बेस पुसायचा आणि कुठला नाही, यावर एकदा हात पोळला आहे. नो-वाइप टॉपवर पुन्हा काही चढवायचं असेल, तर आधी बफ करायचं, हेही तिथेच.

बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. बाटल्या खिडकीपासून आणि लॅम्पच्या तोंडापासून लांब ठेवा. तोंडाशी जेल गोळा झालं असेल, तर आत प्रकाश जातो आहे. लॅम्पची काच आणि आतली चकचकीत बाजू आठवड्यातून एकदा अल्कोहोलने पुसा. सुकलेल्या जेलचे डाग प्रकाश खातात. एखादा दिवा गेला आहे का हे डोळे लावून बघू नका, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. ३६५चे दिवे तसेही फिकट दिसतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका. नळीवाला जुना ३६ वॅटचा यूव्ही लॅम्प अजून वापरत असाल, तर त्यातल्या ९ वॅटच्या चार नळ्या पेटलेल्या दिसल्या तरी आतून मंदावत जातात. आजची बरीच जेल त्यात पूर्ण क्युअर होत नाहीत. तो लॅम्प बाजूला ठेवायची वेळ आली आहे.

पावसाळ्यात मुंबई-कोकणपट्टीत नखात ओल राहते. जोडी उत्तम असूनही लिफ्टिंग येतं, म्हणजे कड उचलते, आणि आपण उगाच नव्या बेसला दोष देतो. डिहायड्रेटर लावल्यावर लगेच बेस चढवा, मध्ये फोन घेऊ नका, आणि त्या नखाला पुन्हा बोट लावू नका.

दुसरीकडे केलेली नखं घेऊन कुणी आलं, तर

‘ताई, तिकडे केली होती, तुम्ही फक्त भरून द्या ना.’ महिन्यातून चार वेळा तरी हे ऐकते. खाली बेस कुठला, लॅम्प कुठला, किती सेकंद, मला काहीच माहीत नसतं. त्याच्यावर माझं बिल्डर जेल घातलं, तर उद्या उचललेला भाग माझ्या नावावर जाईल, ते एक. पण त्याहून मोठं म्हणजे खालचं कच्चं असेल, तर मी त्याला वरून झाकून तिच्या नखावर आणखी तीन आठवडे बसवणार.

म्हणून मी विचारते: कधी केलं, गरम लागलं होतं का, खाज येते का, पापण्यांना काही झालं का. मग एका नखावर फाइल मारून भुसा बघते. भुसा कोरडा असेल, कड कुठेही उचललेली नसेल आणि तिने आणलेल्या फोटोत बाटली दिसत असेल, तर पातळ करून भरते. बाकी सगळ्या वेळी पूर्ण काढते, आणि काढण्याचे पैसे आधी सांगते. काही जणी उठून जातात. ज्या बसतात त्यांना वेळ लागतो, कारण डस्ट एक्सट्रॅक्टर चालू ठेवून, मास्क लावून, हळूहळू काढावं लागतं. ॲसिटोनने सुटत नसेल आणि फाइललाही दाद देत नसेल, तर ते एमएमए समजते, आणि ओढून न काढता नखाजवळ पातळ करून सोडते. पुढचं ते नखाबरोबर वाढून निघतं.

मग तिच्या कार्डावर तारीख घालून लिहिते: आधीचं प्रॉडक्ट माहीत नाही, पूर्ण काढलं, नख पातळ, आज फक्त तेल. पुढची वेळ दोन आठवड्यांनंतरची देते.